सांडलेला माल जातो कोठे?

धान्य, कोळसा, खनिज, साखर, सिमेंट, वाळू हे सर्व पदार्थ घन होत. परंतु ते एकसंध ठोकळ्याच्या रूपाने आपल्यापुढे येत नाहीत. दाण्यांच्या, खड्यांच्या अथवा भुकटीच्या राशीने येतात. असा माल पोत्यांत न भरता राशीच्या राशीने हलविला, म्हणजे त्यास सुटा माल म्हणतात. सुट्या मालाचा स्वभाव मोठा विचित्र आहे. तो द्रवासारखा वाहतो, पण मध्येच अडतो. तो घनासारखा रास करून उभा राहतो, पण धक्का लागताच घसरतो. आणि त्यातील बारीक अंश तर वायूप्रमाणे हवेत तरंगत निघून जातो. यामुळे त्याची ने-आण करताना थोडा तरी माल वाटेत राहतोच. व्यापारी त्यास घट किंवा तूट म्हणतात, घरात आपण सांडलवंड म्हणतो.

ही घट कशी होते, किती होते आणि तिचा परिणाम काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विद्यार्थिमित्रांनी विज्ञानाच्या पुस्तकात वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम वाचलेला असेलच. द्रव्य नाहीसे होत नाही, असे तो नियम सांगतो. मग हिशेबाच्या वहीत ‘घट’ म्हणून वजा टाकलेला माल जगातून गेला असे कसे म्हणता येईल? तो केवळ जागा बदलतो. त्या नव्या जागी जाऊन तो काय करतो, हे पाहिल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.

खनिजाचा प्रवास

आम्हां गोमंतकीयांस या विषयाचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे लोहखनिज. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील खाणींतून निघालेले खनिज मांडवी व जुवारी या नद्यांच्या काठी येई, तेथून बार्जमध्ये भरून मुरगावकडे जाई आणि अखेर जहाजांतून परदेशी रवाना होई. सर्वच खनिज अगदी एकाच वाटेने जात नसे; परंतु साधारण क्रम पुढीलप्रमाणे असे. खाणीवर यंत्राने ट्रक भरावयाचा. तो चाळण्याच्या कारखान्यात रिता करावयाचा. चाळलेला माल पुन्हा ट्रकात घालावयाचा. नदीकाठच्या धक्क्यावर ओतावयाचा. तेथून बार्जमध्ये चढवावयाचा. बंदरात बार्जमधून उपसून वाहक पट्ट्यावर टाकावयाचा. पट्ट्यावरून ढीग घालावयाचा. आणि शेवटी त्या ढिगातून उचलून जहाजात भरावयाचा. म्हणजे एकच खडा आठ वेळा उचलला आणि टाकला जातो.

आता थोडे गणित करू. प्रत्येक वेळी हजारात केवळ एक भाग माल सांडला असे समजा. हजारी एक म्हणजे फारच थोडे, असे कोणासही वाटेल. पण पहिल्या टप्प्यानंतर ०·९९९ भाग उरतो, दुसऱ्यानंतर त्याचा ०·९९९ भाग, याप्रमाणे आठ वेळा गुणाकार केला असता सुमारे ०·९९२ उरतात. म्हणजे हजारी आठ भाग माल वाटेत राहिला. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाकाठी चार कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर जात असे. चार कोटींचे हजारी आठ म्हणजे ३ लाख २० हजार टन! दहा टनी ट्रकांनी मोजावयाचे झाल्यास ३२ हजार ट्रक. हा आकडा कोणी मोजून काढलेला नव्हे. आपण गृहीत धरलेल्या प्रमाणावरून तो आला आहे. परंतु त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. माल जितक्या वेळा हात बदलतो, तितकी गळतीची दारे वाढतात. म्हणून गळती कमी करण्याचा पहिला उपाय म्हणजे उचल-टाक कमी करणे, हाच होय.

पट्ट्यावरील गळती

मोठ्या बंदरांत, वीजघरांत व कारखान्यांत सुटा माल मुख्यत्वे रबरी पट्ट्यावरून वाहून नेतात. दोन टोकांस दोन मोठ्या पुल्या, त्यांवरून फिरणारा अखंड पट्टा आणि त्यास खालून आधार देणारे रोलर, अशी ही रचना असते. वरच्या बाजूने पट्टा माल घेऊन जातो व खालच्या बाजूने रिकामा परत येतो. दिसावयास ही योजना अगदी साधी. पण गळती तीन ठिकाणी होते.

पहिले ठिकाण म्हणजे माल पट्ट्यावर पडतो ती जागा. माल मधोमध न पडता एका अंगास पडला, तर पट्टा तिरका चालू लागतो आणि काठावरून माल ओघळतो. पडणाऱ्या मालाच्या भाराने पट्टा दोन रोलरांमध्ये लवतो, आणि बाजूच्या फळी व पट्टा यांमध्ये फट पडते. त्या फटीतून बारीक दाणे निसटतात. दुसरे ठिकाण म्हणजे प्रवासाची लांबी. पट्टा गच्च भरला असेल, तर प्रत्येक रोलरावरून जाताना रास थोडी हलते आणि काठावरचे खडे घरंगळतात.

तिसरे ठिकाण सर्वांत फसवे. शेवटच्या पुलीवरून माल खाली पडतो, पण सर्वच पडत नाही. ओलसर बारीक माल पट्ट्यास चिकटून राहतो आणि पट्ट्याच्या परतीच्या वाटेवर थोडा थोडा खाली झडतो. याचे प्रमाण किती? एक मीटर रुंदीचा पट्टा सेकंदास दोन मीटर वेगाने चालला आहे आणि त्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर १०० ग्रॅम माल चिकटला आहे असे समजा. खनिजाचा एवढा थर माणसाच्या केसाच्या जाडीइतकाच असतो. तो डोळ्यांस जेमतेम डागासारखा दिसेल. पण सेकंदास दोन चौरस मीटर पट्टा परत येतो, म्हणजे २०० ग्रॅम माल येतो. मिनिटास १२ किलो, तासास ७२० किलो आणि वीस तासांत १४ हजार ४०० किलो! यातील काही भाग पट्ट्यासवे फिरून पुन्हा वर जातो हे खरे. परंतु निम्मा जरी खाली पडला, तरी रोज सात टनांचा ढीग पट्ट्याखाली साचतो.

येथून पुढे गळतीस गळती जन्म देते. ढीग वाढत वाढत परतीच्या रोलरांपर्यंत पोहोचतो. रोलर मातीत रुतून फिरेनासे होतात, पट्टा त्यांवर घासतो, झिजतो, कलतो. आणि कललेला पट्टा अधिकच सांडतो. मग फावडे घेऊन कामगारास पट्ट्याखाली शिरावे लागते. चालू पट्ट्याच्या पुलीजवळ सदऱ्याची बाही किंवा फावड्याचा दांडा अडकला, तर हात मागे घेण्यास क्षणाचीही सवड मिळत नाही. म्हणूनच पट्टा बंद करून, तो पुन्हा अकस्मात सुरू होणार नाही अशी कुलूपबंद व्यवस्था केल्याखेरीज त्याखालची सफाई करू नये, असा नियम सर्वत्र असतो. सांडलेल्या मालाची किंमत केवळ रुपयांत का मोजता येत नाही, हे येथे प्रथम ध्यानात येते.

उंची आणि धूळ

उंचीवरून पडणारा पदार्थ किती वेगाने खाली येतो, हे शाळेतील सूत्रावरून काढता येते. पाच मीटरवरून पडलेला खडा सेकंदास सुमारे दहा मीटर वेगाने आपटतो. सव्वा मीटरवरून पडलेला सुमारे पाच मीटर वेगाने. उंची चौपट झाली की वेग दुप्पट होतो, आणि आपटण्याची ऊर्जा चौपट होते. या ऊर्जेची दोन कामे होतात. एक, खडे फुटतात. दुसरे, पडणाऱ्या मालाबरोबर खेचली गेलेली हवा खाली दाबली जाऊन वेगाने बाहेर फेकली जाते व जाताना बारीक कण घेऊन जाते. पिठाचा डबा उंचावरून परातीत उपडा केला असता जो पांढरा ढग उठतो, तो याच कारणाने.

खडे फुटल्याने वजन घटत नाही, पण मोल घटते. लोहखनिजाच्या व्यापारात खड्यांस भुकटीपेक्षा चढा भाव मिळत आला आहे. अख्ख्या तांदळाची कणी झाली तर तराजू तेच सांगतो. गिऱ्हाईक मात्र तोच भाव देत नाही. तेव्हा घट ही केवळ वजनाची नसून गुणाचीही असते.

धुळीवर पाणी शिंपडणे हा सर्वांस सुचणारा उपाय. तो योग्यही आहे. मात्र त्यास मर्यादा आहे. पाणी बेताचे असेल तर कण एकमेकांस बिलगतात आणि उडत नाहीत. पाणी अधिक झाले तर तोच माल पट्ट्यास चिकटतो आणि मघाशी सांगितलेली परतीची गळती वाढते. एका दाराने कोंडलेली गळती दुसऱ्या दाराने बाहेर पडते. सिमेंट, साखर यांसारख्या पदार्थांवर तर पाणी चालतच नाही. तेथे झाकण घालून धूळ पंख्याने ओढून घ्यावी लागते व कापडी पिशव्यांतून गाळावी लागते.

अडकलेला माल

काही माल सांडत नाही, उडतही नाही. तो कोठारातच अडकून बसतो. सायलो म्हणजे उंच गोल कोठार. त्याच्या तळाशी नरसाळ्यासारखा निमुळता भाग असतो. तळाचे दार उघडल्यावर सर्व माल खाली यावा ही अपेक्षा. प्रत्यक्षात कधी दाराच्या वर मालाचीच कमान तयार होते आणि प्रवाह थांबतो. कधी मधोमध विहिरीसारखे भोक पडून तेवढाच माल वाहतो आणि भिंतीलगतचा महिनोन् महिने तसाच राहतो. धान्य असेल तर ते तेथे कुजते, कोळसा असेल तर आतल्या आत तापून पेट घेऊ शकतो.

असे का होते, याचा शोध दीर्घकाळ चालला. जर्मनीतील जान्सेन या अभियंत्याने १८९५ मध्ये दाखवून दिले की, कोठारातील धान्याचा सर्व भार तळावर येत नाही. बराचसा भार घर्षणामुळे भिंतीच पेलतात. पुढे अमेरिकेतील युटा विद्यापीठात अँड्र्यू जेनिके यांनी अनेक वर्षे प्रयोग करून १९६४ मध्ये आपले विवेचन प्रसिद्ध केले. तळाच्या निमुळत्या भागाच्या भिंती किती उभ्या व गुळगुळीत असाव्या आणि दार किती रुंद असावे, म्हणजे सारा माल एकदम हलेल, हे मालाच्या नमुन्यावरून आधीच काढता येते, असे त्यांनी सिद्ध केले. तोवर हे काम बहुतांशी अंदाजाने चाले. आता त्यास शास्त्राचे रूप आले.

घट नव्हे ती घट

काही वेळा एकही दाणा न सांडता वजन कमी भरते. १,००० टन खनिजात शेकडा ८ भाग पाणी आहे असे समजा. म्हणजे ८० टन पाणी आणि ९२० टन कोरडे खनिज. उन्हात ढीग सुकून पाण्याचे प्रमाण शेकडा ६ वर आले, तर एकूण वजन ९२० ला ०·९४ ने भागून येईल. ते सुमारे ९७९ टन भरते. एकवीस टन गेले कोठे? पाणी होऊन आभाळात गेले! या कारणाने खनिजाच्या मोठ्या व्यवहारांत किंमत कोरड्या टनावर ठरविण्याची पद्धत आहे. उलटपक्षी, पावसात भिजलेला माल अधिक भरतो, आणि खरी चोरी किंवा सांडलवंड त्या पाण्याआड लपून राहते. म्हणून वजन करताना ओलावाही मोजला पाहिजे. आवक बरोबर जावक, अधिक शिल्लक, अधिक गळती, हे समीकरण कोरड्या वजनात मांडले तरच गळतीचा खरा आकडा हाती येतो.

सांडलेल्या मालाचे पुढे काय होते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्याची दोन उत्तरे पाहू. एक आमच्या अंगणातले आणि दुसरे सातासमुद्रांपलीकडचे.

ट्रकाच्या फाळक्यावरून रस्त्यावर पडलेले खनिज मागून येणाऱ्या चाकांखाली भरडले जाते. त्याची तांबडी धूळ झाडांच्या पानांवर, घरांच्या कौलांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि वाटेने चालणाऱ्यांच्या श्वासात जाऊन बसते. धुळीत सिलिकेचे अतिसूक्ष्म कण असतील, तर वर्षानुवर्षे ती हुंगणाऱ्या कामगारास सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग जडू शकतो. पावसाळा आला की रस्त्याकडेचा व धक्क्यावरचा चुरा ओहोळांत उतरतो, ओहोळांतून शेतांत आणि नदीत. खाणींवरील मातीच्या प्रचंड ढिगांतून वाहून येणारा गाळ हा निराळा आणि कितीतरी मोठा विषय आहे. परंतु वाटेवर सांडलेला माल त्याच पाण्यास मिळतो. भाताच्या खाचरात बसलेला हा गाळ कोणत्या खाणीच्या वहीत ‘घट’ म्हणून लिहिला गेला, हे शेतकऱ्यास कधीच कळत नाही. खाणमालकाच्या दृष्टीने हजारी एक भाग गेला; शेतकऱ्याच्या दृष्टीने तोच भाग आला. गोव्यातील खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या, न्यायालयाच्या अटींवर पुढे चालू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. खाणी असाव्या की नसाव्या हा वाद येथे करावयाचा नाही. पण जेथे जेथे माल हलेल, तेथे तेथे हा हिशेब द्यावाच लागेल.

दुसरे उदाहरण साखरेचे. साखरेसारख्या गोड व निरुपद्रवी पदार्थापासून कोणाचा जीव जाईल, हे खरे वाटणार नाही. पण कोणताही जळणारा पदार्थ बारीक केला की त्याचा पृष्ठभाग वाढतो. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर असतो. त्याचेच एक मिलिमीटरचे हजार घन केले तर एकूण पृष्ठभाग साठ, आणि दशांश मिलिमीटरचे केले तर सहाशे चौरस सेंटिमीटर होतो. प्रत्येक कणास भोवती हवा मिळते, आणि ठिणगी पडताच सर्व कण जणू एकाच क्षणी जळतात. बंदिस्त जागेत हे जळणे म्हणजे स्फोटच.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथे इंपीरियल शुगर या कंपनीचा साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता. तेथे सायलोंच्या खालून साखर वाहून नेणारा एक लांब पट्टा होता. साखरेत बाहेरचा केर पडू नये म्हणून २००७ मध्ये त्या पट्ट्यावर पोलादी पत्र्याचे आवरण घालण्यात आले. हेतू चांगलाच होता. परंतु पूर्वी मोकळ्या जागेत विरून जाणारी धूळ आता आत कोंडली जाऊ लागली, आणि ती ओढून घेण्याची व्यवस्था केलेली नव्हती. ७ फेब्रुवारी २००८ रोजी त्या आवरणाच्या आत स्फोट झाला. तापलेले एखादे बेअरिंग त्यास कारण झाले असावे, असा चौकशी मंडळाचा निष्कर्ष आहे. तो पहिला स्फोट एकट्याने फारसा पसरता ना. पण त्याच्या हादऱ्याने इमारतीत जमिनीवर, तुळयांवर व यंत्रांवर दीर्घकाळ साचलेली साखरेची धूळ हवेत उडाली, पेटली, आणि स्फोटामागून स्फोट होत गेले. चौदा कामगार मृत्युमुखी पडले, छत्तीस जखमी झाले. त्या तुळयांवरची साखरही कोणा हिशेबनिसाने घट म्हणूनच धरली असती. ती तेथेच होती. केवळ वाट पाहत होती.

उपाय

आतापर्यंतच्या विवेचनातून उपाय आपोआप निघतात. माल टाकण्याची उंची कमी करावी. तो पट्ट्याच्या मधोमध आणि पट्टा चालतो त्याच दिशेने पडेल अशी उतरण द्यावी. भरण्याच्या जागी रोलर जवळजवळ बसवावे, म्हणजे पट्टा लवणार नाही. शेवटच्या पुलीपाशी खरवडणी लावावी आणि ती झिजली की बदलावी. झिजलेली खरवडणी असून नसल्यासारखीच. ट्रक फाळक्याच्या वर भरू नये आणि वर ताडपत्री ताणून बांधावी. झाकण घातले तर धूळ ओढण्याची सोयही करावी. नुसते झाकण म्हणजे संकटावर घातलेले पांघरूण. आणि सांडलेले त्याच दिवशी उचलावे. केरसुणीने किंवा हवेच्या झोताने जळणारी धूळ उडवू नये, ती शोषक यंत्राने काढावी. शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आहे: प्रत्येक टप्प्यावर वजन करावे व ते लिहून ठेवावे. जेथे आकडा लिहिला जातो, तेथे गळती लपून राहू शकत नाही.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग

स्वयंपाकघरातील एक किलो तांदूळ व एक किलो पीठ घ्यावे. जाड कागदाचे नरसाळे करून प्रत्येक पदार्थ एका भांड्यातून दुसऱ्यात दहा वेळा ओतावा. पाच वेळा वीतभर उंचीवरून आणि पाच वेळा हातभर उंचीवरून. खाली जुने वर्तमानपत्र पसरावे. प्रत्येक वेळी भांड्यातील व कागदावरील पदार्थ वेगवेगळा तोलून कोष्टकात लिहावा. दोहोंची बेरीज मूळ वजनाहून किती कमी भरते, ते पाहावे. तो फरक हवेत उडालेल्या व भांड्यास चिकटलेल्या अंशाचा. प्रयोग चुलीपासून, शेगडीपासून व दिव्याच्या ज्योतीपासून दूर करावा, आणि सांडलेले वडीलधाऱ्यांस दाखवूनच आवरावे.

कोष्टक पुरे झाल्यावर विद्यार्थ्यांनी त्यात आणखी एक रकाना आखावा आणि त्यास ‘कोठे गेले’ असे नाव द्यावे. मोठमोठ्या कारखान्यांच्या वह्यांत ‘किती गेले’ हा रकाना असतो. ‘कोठे गेले’ हा रकाना जेथे प्रामाणिकपणे भरला जातो, तेथे मालकाचा पैसा वाचतो, शेतकऱ्याचे खाचर वाचते आणि कामगार संध्याकाळी सुखरूप घरी परततो. उद्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी अभियंता होईल, कोणी हिशेबनीस, कोणी ट्रकचालक, तर कोणी गावच्या पंचायतीत बसेल. त्या प्रत्येकाच्या हाती या रकान्याचा काही ना काही भाग येणारच आहे.